जहाज आतून पाहिलेला माणूस

शिवडीच्या एका जुन्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून असलेल्या खोलीत एक जहाज राहते. बरोबर साडेतीन फूट लांब. खोली लहान, माणसे पाच, त्यामुळे जहाजाची जागा लोखंडी कपाटावर. कोणी पाहायला आले की नातू स्टुलावर चढतो, दोन्ही हातांनी ते अलगद उचलतो आणि आजोबांच्या हवाली करतो. मग पलंगावरची चादर झटकली जाते आणि तिच्यावर जहाज विसावते.

जहाज आहे ‘विक्रांत’. भारताची पहिली विमानवाहू युद्धनौका. खरी नौका ७०० फूट लांब होती. काकांनी दोनशे फुटाला एक फूट हे प्रमाण धरले आहे. डेकवर सव्वादोन इंचाची सी हॉक विमाने उभी आहेत. तोफांच्या नळ्या म्हणजे संपलेल्या बॉलपेनच्या रिफिली, डोलकाठी म्हणजे सायकलची तार, विमानांचे पंख लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचे. सांगाडा मात्र प्लायवूडच्या फळ्या एकावर एक चिकटवून, कानशीने आणि पॉलिश पेपरने घासून आकाराला आणलेला. राखाडी रंग इतका सफाईने दिलेला की हात लावताना आपणच बिचकतो.

‘‘छान आहे, काका,’’ मी म्हटले. काका हसले. म्हणाले, ‘‘ताई, ही वरची शोभा सगळ्यांनाच आवडते. थांबा जरा.’’ त्यांनी जहाजाच्या कुशीत नख घालून हलकेच ओढले आणि जहाजाची एक बाजू फळीसारखी सुटून हातात आली.

आत बॉयलर रूम होती.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांनी मुंबई बंदरात खरी विक्रांत पाहिली असेल. ती निवृत्त झाल्यावर तिचे संग्रहालय झाले होते, तेव्हा मुलाबाळांना घेऊन रांगेत उभे राहिलेलेही काही असतील. पण तिच्या पोटात जी माणसे घाम गाळत होती, त्यांच्यापैकी एकाशी बोलण्याचा योग मला या चाळीत आला. काकांनी एकच अट घातली, ‘‘माझं नाव छापू नका. हजाराच्या वर माणसं होती जहाजावर. एकट्याचं नाव कशाला?’’ म्हणून या लेखात ते फक्त काका आहेत.

आगबोटीच्या भोकातून

काकांचे गाव दाभोळच्या खाडीच्या आतल्या अंगाला. वडील मुंबईत गिरणीत. सात वर्षांचे असताना आईबरोबर ते पहिल्यांदा मुंबईला आले, ते कोकणच्या आगबोटीने. तेव्हा कोकणातला गरीब माणूस मुंबईला यायचा तो बहुधा याच वाटेने. आधी पडावात बसायचे, पडाव हेलकावे खात बोटीला लागायचा, मग खलाशी हाताला धरून वर ओढून घ्यायचे. गाठोडी, कोंबड्या, तांदळाची पोती, रडणारी पोरे, सगळे एकाच डेकवर.

‘‘आई डोळे मिटून बसली होती,’’ काका सांगतात. ‘‘तिच्या मनात रामदास बोट होती. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली ती बोट बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. आमच्या लहानपणी कोकणातल्या प्रत्येक घरात ती गोष्ट सांगायचे. आईला वाटायचं, प्रत्येक बोट रामदासच. मी मात्र इंजिनाच्या आवाजाच्या मागे गेलो. एका ठिकाणी खाली बघायला भोक होतं. खाली उजेड, तेलाचा वास, आणि उघड्या अंगाची माणसं. त्यातल्या एकाने वर बघून मला हात केला. बस्स, तेवढंच. पण ते डोक्यात बसलं.’’

१९६७ मध्ये, सोळाव्या वर्षी, काका नौदलात भरती झाले. घरात दोन मते होती. वडील म्हणाले, पगार आहे, कपडा आहे, पोटभर जेवण आहे, जाऊ दे त्याला. आईने दोन दिवस अन्न घेतले नाही. विशाखापट्टणमला पोरसवदा शिपायांचे प्रशिक्षण झाले आणि मग इंजिनाच्या कामासाठी त्यांना लोणावळ्याच्या ‘आयएनएस शिवाजी’ या केंद्रात धाडले. तिथे त्यांना एक दोस्त भेटला. साताऱ्याकडचा, उंच, गाणे म्हणणारा. दोघांच्या खाटा शेजारी, दोघांत मिळून एक इस्त्री. एकदा गावाहून निरोप आला तेव्हा काकांकडे गाडीभाड्याला पैसे नव्हते. दोस्ताने दहा रुपये काढून दिले. ते परत करायच्या आतच दोघांच्या वाटा फुटल्या. काका विक्रांतवर गेले. दोस्ताला ‘खुकरी’ मिळाली.

त्या दहा रुपयांची गोष्ट पुढे येणार आहे.

काट्यावर दिसणारे विमान

‘‘बॉयलर म्हणजे काय, सांगा बघू,’’ काकांनी मला विचारले. मी गप्प. मग त्यांनी काडीने दाखवायला सुरुवात केली. वर एक मोठे पिंप, खाली दोन पिंपे, आणि मध्ये नळ्यांचे जाळे, तंबूच्या दोन उतरत्या बाजूंसारखे. तंबूच्या आत भट्टी. नळ्यांत पाणी, बाहेर आग. पाण्याची वाफ होते, वाफ टर्बाइनवर जाते, टर्बाइन पंखा फिरवते आणि जहाज चालते. विक्रांतवर असे चार बॉयलर होते. काकांच्या जहाजातले बॉयलर जेमतेम इंचभर उंच आहेत. बॉलपेनच्या नळ्यांची पिंपे, आणि जळलेल्या पंख्याच्या गुंडाळीतून सोडवलेल्या तांब्याच्या तारेच्या नळ्या. एकेक तार चिमट्याने बसवायला त्यांना पूर्ण पावसाळा लागला.

चार तासांची पाळी असायची. कोळसा नव्हे, तेल जळायचे. वेग वाढवायचा हुकूम आला की जास्त बर्नर पेटवायचे, कमी करायचा असला की विझवायचे. हवा कमी पडली तर धुराड्यातून काळा धूर निघतो, हवा जास्त झाली तर पांढरा. लढाईच्या दिवसांत धूर दिसणे म्हणजे शत्रूला बोलावणे. ‘‘वरून फोन यायचा, धूर बघा! आम्हाला धूर कुठला दिसणार? आम्ही भट्टीच्या रंगावरून ओळखायचो.’’

सगळ्यात मोठी जबाबदारी पाण्याच्या काचेवर नजर ठेवण्याची. बॉयलरमधले पाणी किती, हे त्या काचेच्या नळीत दिसते. पाणी खाली गेले तर नळ्या जळून फाटतात. फार वर गेले तर वाफेबरोबर पाणी टर्बाइनमध्ये जाऊन तिची पाती मोडतात. ‘‘चार तास त्या काचेकडं बघायचं. अंगावरची बनियन पिळली तर वाटीभर पाणी निघायचं. उकाडा असा, की पाळी संपवून वर आलो की मे महिन्याचं ऊन गार लागायचं.’’

आणि विमाने? ती कधी पाहिली?

‘‘उडताना फारशी नाहीच. पण आम्हाला कळायचं.’’ काकांनी बॉयलरपासून डेकच्या टोकापर्यंत बोट नेले. विक्रांतवरून विमान फेकले जायचे ते वाफेच्या कॅटपल्टने, म्हणजे वाफेवर चालणाऱ्या एका अवाढव्य गलोलीने. ती वाफ याच बॉयलरमधली. विमान सुटले की वर धाडकन आवाज व्हायचा आणि खाली दाबाचा काटा हलायचा. ‘‘काटा हलला की आम्ही म्हणायचो, एक गेलं. पुन्हा हलला, दुसरं गेलं. परत येऊन उतरली की वर दणका बसायचा. मग मोजायचो. जेवढी गेली तेवढी आली का?’’

डिसेंबर १९७१

१९७१ मध्ये लढाईचे ढग जमू लागले तेव्हा विक्रांतच्या एका बॉयलरला तडा होता. दुरुस्तीला वेळ नव्हता. जहाज पूर्ण वेगाने पळवायची मुभा नव्हती, पण ते बंदरात ठेवायचे नाही असे ठरले. संथ चालणाऱ्या जहाजावरून विमान उडवणे अवघड, कारण विमानाला उचलायला समोरून वारा लागतो आणि तो वारा जहाजाच्या वेगातूनही मिळतो. बॉयलर रूममधल्या पोरांना हे सगळे शिकवलेले होते. तड्याकडे पाहत ती पाळी करायची.

‘‘भीती वाटायची का?’’ मी विचारले.

‘‘वाटायची. पण तिथं भीतीला बसायला जागा नव्हती, ताई. हात कामात असायचे.’’

नोव्हेंबरात जहाज अंदमानच्या एका आडबाजूच्या खाडीत लपून राहिले. खालच्या माणसांना हे नंतर कळले. ‘गाझी’ ही पाकिस्तानी पाणबुडी विक्रांतच्याच मागावर होती. ३ डिसेंबरला लढाई पेटली आणि त्याच रात्री गाझी विशाखापट्टणमच्या बाहेर बुडाली. आतला एकही माणूस वाचला नाही. हे सांगताना काका क्षणभर थांबले. ‘‘आम्हाला मारायला आलेले. पण त्यांच्यातही काचेकडं बघणारं कोणीतरी असणारच.’’

४ डिसेंबरला सकाळी आठ सी हॉक विमाने कॉक्स बाजारवर गेली, संध्याकाळी चितगावची पाळी आली. काटा हलत राहिला. पुढचे दिवस काकांना दिवसरात्रीच्या हिशोबात आठवत नाहीत, पाळ्यांच्या हिशोबात आठवतात.

एका पाळीनंतर मेसमध्ये वरण-भात घेत असताना बातमी आली. ९ डिसेंबरच्या रात्री, दीवच्या समोरच्या समुद्रात, पाकिस्तानी पाणबुडीने खुकरी बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत, त्याच्याबरोबरच गेले. जहाज काही मिनिटांतच खाली गेले.

‘‘काही मिनिटं,’’ काका म्हणाले. ‘‘इंजिनाच्या खोलीतून वर यायला शिड्या किती असतात, ते मला माहीत आहे.’’

तीच चिठ्ठी पुन्हा

इथपर्यंत काकी स्टोव्हजवळ बसून ऐकत होत्या. आता त्या पदराला हात पुसत पुढे आल्या. ‘‘ह्यांची लढाई समुद्रात, आमची इथं,’’ त्या म्हणाल्या.

काकी तेव्हा याच चाळीत शेजारच्या खोलीत राहायच्या. नववीत होत्या. काकांच्या आईला लिहिता-वाचता येत नव्हते. मुलाची चिठ्ठी आली की ती शेजारच्या या मुलीला हाक मारायची आणि चिठ्ठी तीन-तीनदा वाचून घ्यायची. लढाई सुरू झाली आणि चिठ्ठ्या थांबल्या. मुंबईत रात्री अंधार पाळायचे, खिडक्यांना काळे कागद लावलेले. खुकरीची बातमी पेपरात आली तेव्हा चाळीत कुजबुज सुरू झाली.

‘‘म्हातारीला एवढंच कळलं, की नौदलाची बोट बुडाली. ती म्हणाली, रामदास बुडाली तशी माझ्या पोराची पण बुडाली. मी सांगितलं, आत्ये, ती बोट वेगळी. तिला पटेना. दोन दिवस चूल पेटली नाही. तिसऱ्या दिवशी शाळेतून येताना मला सुचलं. तिच्या ट्रंकेतली सप्टेंबरची चिठ्ठी मी आदल्या रात्रीच काढून घेतली होती. पोस्टमन आता देऊन गेला म्हणाले, आणि वाचली. तारीख बदलून वाचली. ‘आई, मी बरा आहे. खायला भरपूर आहे. तू काळजी करू नको.’ तेवढं तर तिच्यात होतंच. म्हातारीने चिठ्ठी छातीला लावली आणि भात टाकला.’’

काकींनी चार वेळा ती चिठ्ठी ‘नवी’ करून वाचली. एकदा तर म्हातारी म्हणाली, पोरगा नेहमी तेच तेच लिहितो. काकी म्हणाल्या, बरं असल्यावर माणूस वेगळं काय लिहिणार?

१६ डिसेंबरला लढाई संपली. जानेवारीत खरी चिठ्ठी आली. ती वाचताना मात्र काकींना शब्द फुटेना. तेव्हा आईला सगळे उमगले. रागावली नाही. पुढे १९७५ मध्ये तिने याच मुलीला सून करून घेतले. ‘‘मला मागणी घालायला दुसरं कोणी आलंच नाही, म्हातारीने येऊ दिलं नाही,’’ काकी हसून म्हणाल्या. काका डेकवरचे एक विमान उगाच सरळ करत बसले.

दहा रुपये

१९७२ च्या रजेत काका आधी दोस्ताच्या गावी गेले. मातीचे घर, दारात शेळी. दोस्ताच्या आईपुढे त्यांनी दहाची नोट ठेवली आणि सांगितले, मी त्याचे देणे लागतो. ती माउली नोटेकडे पाहतही नव्हती. म्हणाली, ‘‘तुझ्यापाशीच राहू दे बाबा. तो येईल तेव्हा त्यालाच दे.’’

तिला मुलाचे काही मिळाले नव्हते. ना देह, ना पेटी. पाहिले नाही तर मानायचे कसे? ती पुढे पुष्कळ वर्षे जगली आणि दाराला आतून कडी न लावताच जगली, असे काकांना नंतर कळले.

१९८२ मध्ये पंधरा वर्षांची नोकरी संपवून काका घरी आले. त्याच वर्षी जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झालेला, वडील घरी बसलेले. काकांनी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात बॉयलरवर नोकरी धरली. पुन्हा तीच काच, तोच काटा. दोन मुलींची शिक्षणे, मुलाचे लग्न, आईचे आजारपण, सगळे त्या बॉयलरच्या उबेवर झाले. २००९ मध्ये निवृत्त झाले आणि पुढच्या हिवाळ्यात काकींना घेऊन दीवला गेले.

दीवला समुद्राकाठच्या टेकाडावर खुकरीचे स्मारक आहे. तिथे काचेच्या पेटीत खुकरीची छोटी प्रतिकृती ठेवली आहे. काका तिच्यासमोर खूप वेळ उभे राहिले. काकींनी विचारले, तुमचा दोस्त ह्यात कुठे असेल? काकांनी जहाजाच्या मधल्या भागाकडे, पाण्याच्या रेषेखाली बोट दाखवले. काकी म्हणाल्या, ‘‘इथं तर नुसती भिंत दिसते.’’

‘‘ते वाक्य माझ्याबरोबर घरी आलं,’’ काका म्हणाले.

दारूखान्यात

खऱ्या विक्रांतची सेवा ३१ जानेवारी १९९७ ला संपली. काही वर्षे ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. सुरक्षित राहिली नाही म्हणून २०१२ मध्ये ते बंद झाले. मग लिलाव झाला, सुमारे ६० कोटी रुपयांना ती भंगारात गेली. २०१४ मध्ये तिला दारूखान्यात आणले आणि नोव्हेंबरात तोडायला सुरुवात झाली. दारूखाना शिवडीहून हाकेच्या अंतरावर. काका रोज सकाळी चालत जायचे, जिथून दिसेल तिथून बघायचे.

‘‘गॅसने कापत होते. कापणारी पोरं पण आपल्यासारखीच, पोटासाठी आलेली. एक दिवस जहाजाची कूस उघडी पडली. इतकी वर्षं त्या जहाजात काढली, पण बॉयलरपाशी सूर्याचा उजेड पडलेला मी कधी पाहिला नव्हता.’’

त्याच आठवड्यात त्यांनी प्लायवूड आणले. पण एक गंमत झाली. आतली प्रत्येक नळी, प्रत्येक झडप त्यांना डोळे मिटून काढता येत होती. बाहेरचे जहाज मात्र आठवेना! डोलकाठी कुठे, रडार कुठे, विमाने कुठे उभी राहायची, हे सगळे नातवाने मोबाइलवर जुने फोटो शोधून दाखवले. काही जाणकार विचारतात, डेकचे पुढचे टोक वर उचललेले कसे नाही? काका सांगतात, तो चढ नंतरच्या सी हॅरिअर विमानांसाठी बांधला. त्यांची विक्रांत १९७१ ची आहे, सपाट डेकची.

बॉयलरसमोर आगकाडीच्या टोकाची चार माणसे उभी आहेत, पाव इंचाहून जराशी मोठी. एक काचेकडे बघतो आहे.

विक्रांतच्या धातूचे पुढे पुष्कळ काही झाले. मुंबईत लायन गेटजवळ त्याचे स्मारक उभे आहे, २०१६ मध्ये त्यातून मोटारसायकलही निघाली. २ सप्टेंबर २०२२ ला कोचीमध्ये नवी विक्रांत नौदलात दाखल झाली, जुनीपेक्षा पुष्कळ मोठी आणि आपल्याच देशात बांधलेली. काकांनी तो सोहळा टीव्हीवर पाहिला. सगळे डेक बघत होते, हे विचारत होते, ‘‘खाली कोण आहे, ते दाखवा की.’’

निघताना काकांनी पलंगाखालून एक खोके ओढले. त्यात दुसऱ्या जहाजाचा सांगाडा होता, दीड फुटाहून थोडा लांब. खुकरी. दोस्ताचा पुतण्या गावी राहतो, त्याच्या घरी हे जहाज द्यायचे आहे. वर्षभर काम अडले होते. कूस बंद ठेवायची की उघडती? उघडली की दिसेल तो कुठे उभा होता. घरच्यांना ते सोसेल का?

‘‘मी काकींना विचारलं,’’ काका म्हणाले.

काकी कपबशा उचलत होत्या. म्हणाल्या, ‘‘त्या माउलीला कोणी दाखवलंच नाही, म्हणून ती कडी न लावता बसली. ठेवा उघडती.’’

काकांनी फळीच्या कडेला पेन्सिलीने एक रेघ मारून ठेवली होती. उद्या तिथे करवत चालणार आहे. खोक्याच्या तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत, १९७२ ची ती दहाची नोट आहे. ती जहाजाबरोबर जाणार आहे.